जाताना एक तास चाळीस मिनिटे

प्रिय अर्धदाढी,

हे पाकीट नेहमीपेक्षा जाड आहे. उद्या सकाळी मी ते कॅप्टनच्या हातात देईन, तेव्हा तो ते तळहातावर तोलून बघेल आणि म्हणेल, “बाई, याचं इंधन वेगळं धरलंय ना?” बावीस वर्षे तो हाच विनोद करतो आहे आणि बावीस वर्षे मी हसते आहे, कारण दुर्गम विमानतळावर नवा विनोद पोहोचायला फार वेळ लागतो आणि जुना टाकून द्यायला कोणी तयार नसतो. तुला एकच विनंती. हे पत्र धावपट्टीच्या कडेला उभ्या उभ्या वाचू नकोस. आधी प्रवाशांना वाटेला लाव, टपालाची पोती उतरवून घे, कॅप्टनला चहा दे आणि मग तुझ्या खोलीतल्या त्या दोन खुर्च्यांपैकी जिच्यावर कागद नसतात तिच्यावर बस. विमान परत निघायला पन्नास मिनिटे असतात. पत्र वाचायला वीस पुरतील. उरलेली तीस कशासाठी लागतील, ते शेवटी सांगते. मला मूळ मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला सांगायला नकोच.

बातमी तुलाही कळलीच आहे. वरून आलेल्या हुकुमाची एक प्रत माझ्या टेबलावर आहे, दुसरी तुझ्या. तुझ्या आणि माझ्या विमानतळामधली सेवा बंद होते आहे. येत्या गुरुवारचे उड्डाण शेवटचे. कारणे दिली आहेत आणि तीही पटण्यासारखी आहेत: एकोणीस जागांच्या विमानात सरासरी पाच माणसे. तुझी धावपट्टी अडीअडचणीला उतरण्यासाठी राखून ठेवणार, म्हणजे तू तिथेच राहणार, हवामान नोंदवणार आणि आठवड्यातून एकदा धावपट्टी पाहणार. मला मात्र मोठ्या शहरातल्या विमानतळावर बदली देऊ केली आहे. तिथे रोज दोनशे विमाने उडतात, त्यांचे हिशेब यंत्र करते आणि यंत्राने ते केले की नाही हे बघायला एक माणूस लागतो. होय की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. माझी साहेबीण म्हणाली, “अहो, घ्या की! तिथे निदान माणसं तरी दिसतील.” मी म्हटले, विचार करते. ती म्हणाली, “तुमचा विचार म्हणजे दोन पानं आणि एक तक्ता.” बरोबरच बोलली.

तक्ता मी केला. सवयच आहे. माझ्या टेबलापासून तुझ्या टेबलापर्यंत सरळ रेषेत सहाशे किलोमीटर. माझ्या भिंतीवरच्या नकाशावर हे अंतर एक वीत आणि दोन बोटे भरते. रोज सकाळी खुर्ची ओढताना माझा हात सहज तिकडे जातो आणि मोजून येतो, जणू काही ते अंतर कमी-जास्त होणार आहे. आपले विमान ताशी तीनशे किलोमीटरने जाते, म्हणजे वारा नसेल तर दोन तास. सेवा बंद झाल्यावर हेच अंतर कापायला काय लागेल, तेही मी शोधले. इथून पाच तास बस, मग मोठ्या विमानतळावर मुक्काम, तिथून एक विमान उलट दिशेला, दुसरे तिरप्या दिशेला, मग होडी आणि शेवटी डोंगराच्या कडेने जाणारा मालाचा ट्रक, तोही जागा असली तर. एकूण एकतीस तास, सगळे वेळेवर मिळाले तर. अंतर जागचे हलत नाही. नकाशावरची वीत आणि दोन बोटे तेवढीच राहतात. पण वेळ पंधरापटीहून जास्त होतो. दोन ठिकाणे लांब आहेत की जवळ, हे जमीन ठरवत नाही, त्यांच्यामध्ये काय ये-जा करते ते ठरवते. ही गोष्ट मी बावीस वर्षांत कितीतरी नवशिक्यांना फळ्यावर शिकवली. स्वतः शिकले ती गेल्या आठवड्यात.

तुझे नाव अर्धदाढी कसे पडले, हे तुला सांगणे म्हणजे गवळ्याला दूध विकणे. तरीही सांगते, कारण पुढच्या सगळ्याचे मूळ तिथे आहे. नोकरीतला माझा पहिलाच गुरुवार होता. शिक्षण पुरे झालेले, गुण उत्तम, आणि डोक्यात तेवढीच हवा. वाऱ्याचा संदेश आला: पश्चिम, ताशी साठ. तुझे गाव माझ्या पूर्वेला. मी पश्चिम वाचले आणि वारा पश्चिमेकडे जातो आहे असे धरले. वास्तविक पहिल्या धड्यात शिकवतात की वाऱ्याचे नाव तो येतो त्या दिशेवरून पडते. सुनेला जसे चार वर्षे तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात, तसेच. पश्चिम वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेला, म्हणजे तुझ्याकडे, जातो. तो पाठीवर होता, मी तो तोंडावर धरला. तीनशेमध्ये साठ मिळवायचे ते मी वजा केले. विमान दहाला निघाले, एक तास चाळीस मिनिटांत पोहोचणार होते, आणि मी तुला कळवले अडीच तास. साडेबाराला येईल. कॅप्टनने कागद पाहून एक भुवई उंचावली होती, पण नव्या मुलीला पहिल्याच दिवशी काय बोलायचे, म्हणून गप्प बसला. “इंधन जास्तच होतं, बाई,” असे तो नंतर म्हणाला, “कमी असतं तर बोललो असतो.”

साडेअकराला तू निवांतपणे आरशासमोर उभा होतास. डावा गाल झाला होता. विमान दहा मिनिटांवर आल्यावर कॅप्टनने रेडिओवर आवाज दिला आणि तू साबणासकट, खांद्यावर टॉवेल टाकून धावपट्टीकडे पळालास, कारण तुझी धावपट्टी खडीची, नऊशे मीटर लांब, आणि प्रत्येक विमान उतरण्याआधी तू ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून वर आलेले दगड वेचतोस. पंख्याच्या पात्याला एक दगड लागला तरी विमान तिथेच अडकून पडते. कॅप्टनने वर दोन घिरट्या घातल्या. खाली एक माणूस अर्धा पांढरा, अर्धा काळा चेहरा घेऊन वाकत, पळत, पुन्हा वाकत होता. विमानातल्या एका आजींनी विचारले म्हणे, “इथे काही नाटक आहे का हो आज?” त्याच विमानाने तुझे पहिले पत्र आले. ‘माननीय महोदया, आपण कळवलेल्या वेळेच्या पन्नास मिनिटे आधी विमान पोहोचले. विमानाबद्दल तक्रार नाही. माझ्या उजव्या गालाबद्दल आहे. आपला नम्र, अर्धदाढी.’ मी ते स्वच्छतागृहात जाऊन वाचले. हसू आणि रडू एकाच वेळी आले तर कुठे बसावे, याची त्या इमारतीत दुसरी सोय नव्हती.

त्यानंतर आपण ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आलो आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला चार वर्षे घेतली. या बाबतीत आपला वेग धावपट्टीवर सरकणाऱ्या विमानाएवढाही नव्हता. आठवड्यातून दोन उड्डाणे, सोमवार आणि गुरुवार. माझ्या कागदांत तुझ्यासाठी एक चिठ्ठी, परतीच्या कागदांत तुझी एक. मी तुला उंच ढग आणि सखल ढग यांतला फरक शिकवला, जो तुला माझ्याहून चांगला ठाऊक होता. तू मला दगडांची जातकुळी शिकवलीस. सूर्य तुझ्याकडे माझ्यापेक्षा पंचवीस मिनिटे आधी उगवतो, हे मी तुला हिशेब करून दाखवले तेव्हा तू लिहिलेस, ‘मग मी तुझ्यासाठी दिवस जरा वापरून बघतो, खराब निघाला तर कळवतो.’ आणि खरोखर, कधी कधी सकाळच्या हवामानाच्या संदेशाच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, तू लिहायचास: ‘दिवस बरा आहे. पाठवतो आहे.’ आमच्या वरिष्ठांनी एकदा विचारले, हा काय शेरा? मी म्हटले, स्थानिक पद्धत आहे.

अकरा वर्षांपूर्वी तुझी दाढ किडली आणि तू इथल्या दंतवैद्याकडे आलास. आपण प्रत्यक्ष भेटलो ती तेवढी एकच वेळ. सोमवारच्या विमानाने आलास आणि दुसऱ्या दिवशी काही विशेष सामान घेऊन विमान तुझ्याकडे जाणार होते, त्याने परत गेलास. दवाखान्यातून सुटलास ते थेट माझ्या कचेरीत. डावा गाल, तोच तो, टोमॅटोसारखा फुगलेला. तोंडात कापूस. बोलायची मनाई. मी अकरा वर्षे ज्याला पत्रे लिहिली तो माणूस समोर बसलेला आणि त्याला एक शब्द बोलता येत नाही. मग काय, मी बोलले. इतकी बोलले की नंतर माझ्या घशाला सूज आली. मी तुला वाऱ्याचे गणित समजावले होते, आठवते? सगळ्यांना वाटते की जाताना वारा पाठीवर असला आणि येताना तोंडावर, तर फिट्टंफाट. जेवढे मिळाले तेवढे गेले. नाही! मी खडू घेऊन उठलेच. सहाशे किलोमीटर, वारा नसेल तर दोन तास जायला, दोन तास यायला, एकूण चार. आता ताशी साठचा वारा घे. जाताना वेग तीनशे साठ: एक तास चाळीस. वीस मिनिटे वाचली. येताना वेग दोनशे चाळीस: अडीच तास. तीस मिनिटे जास्त. बेरीज चार तास दहा मिनिटे. ही वरची दहा मिनिटे आली कुठून? कारण उपकार करणारा वारा तुम्हाला थोडाच वेळ भेटतो, लवकर पोहोचता ना. आणि छळणारा वारा जास्त वेळ भेटतो. मी वळून पाहिले, तर तुझे लक्ष फळ्याकडे नव्हतेच. मला वाटले, दुखत असेल. तू टेबलावरचा एक कागद ओढून घेतलास आणि लिहिलेस: ‘बोलत राहा.’

संध्याकाळी मी तुला घरी नेले. आई तेव्हा तीन वर्षांपासून अंथरुणावर होती, उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. तुला पाहून म्हणाली, “हा तो दगडवाला?” तू मान हलवलीस. “आणि हे तोंड असं का? हिनं मारलं का काय?” तू हसायला गेलास आणि कळवळलास. मी तिला कुशीवर वळवायला उठले, तर तू न सांगता पलीकडच्या बाजूला गेलास आणि चादर धरलीस, जणू रोजचेच काम. तू गेल्यावर आई म्हणाली, “न बोलणारा माणूस बघितला होता गं मी. पण हा न बोलता पुष्कळ बोलतो.” तिच्या तोंडून कोणाची स्तुती निघाल्याची ही माझ्या आठवणीतली दुसरी वेळ. पहिली वेळ एका प्रेशर कुकरची होती.

पुढच्या गुरुवारी परतीच्या कागदांत तुझी चिठ्ठी आली. फक्त दोन वाक्ये. ‘येत्या सोमवारच्या विमानात एक जागा तुझ्यासाठी धरू का? परतीचे नंतर पाहू.’

आता मी जे लिहिणार आहे त्यासाठी इतका लांबचा वळसा घेतला. त्या दोन वाक्यांना मी दोन वाक्यांत उत्तर द्यायला हवे होते. मला हवे आहे आणि मला शक्य नाही, एवढेच. आईला दर चार तासांनी वळवावे लागे, भरवावे लागे, शेजारच्या काकू एक दिवस बघू शकत, चार दिवस नाही. सोमवारी निघाले तर गुरुवारशिवाय परत विमान नाही. कारण खरे होते, शंभर टक्के खरे. पण ते साधे कारण लिहायला माझा हात धजेना. ते लिहिले असते तर पहिले वाक्यही लिहावे लागले असते. म्हणून मी तक्ता केला. प्रवासाची वेळ, मुक्काम, हवामान बिघडले तर वाढणारे दिवस, आईचे औषध, काकूंच्या सोयीचे दिवस, सगळे रकाने आखून, पट्टीने रेघा मारून. शेवटी एकूण तास मांडले आणि खाली लिहिले: ‘यावरून लक्षात येईल की सध्या प्रवास व्यवहार्य नाही.’ व्यवहार्य! असा शब्द मी एका माणसाला लिहिला, ज्याने आदल्या आठवड्यात माझ्या आईची चादर धरली होती. तुझे उत्तर आले: ‘हिशेब बरोबर आहे.’ त्यानंतर तू पुन्हा कधी विचारले नाहीस. ढगांबद्दल लिहिलेस, दगडांबद्दल लिहिलेस, कॅप्टनच्या गुडघ्याबद्दल लिहिलेस. मी समजले की विषय मिटला. शहाण्या माणसाला पटले असेल, असे मीच मला समजावले.

आई गेली त्याला आता चौदा महिने झाले. मी तुला फक्त एवढेच कळवले होते की दोन दिवस कचेरीत नसेन, कारण हे. परत आले तर संदेशांच्या यंत्राला कागदांची शेपटीच फुटली होती. नियमाप्रमाणे तू दिवसातून दोनदा हवामान पाठवायचे. तू दर तासाला पाठवत होतास. आकाशाचे आठ भाग धरून त्यातले किती ढगाळ, हे आपण मोजतो ना: दोन भाग ढग, वारा मंद. दोन भाग ढग, वारा मंद. तीन भाग ढग, वारा मंद. सांत्वनाचा एक शब्द नाही. महिनाभर, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दर तासाला. यंत्र टकटक करायचे आणि मला कळायचे की सहाशे किलोमीटरवर कोणीतरी बाहेर येऊन, मान वर करून, माझ्यासाठी आकाश बघून गेला आहे. तेव्हा मी यायला हवे होते. कोणतीच अडचण उरली नव्हती. पण खरे सांगते, तुझ्या त्या तीन शब्दांची मला इतकी सवय झाली होती की त्यांना धक्का लावायची छाती होईना. हिशेब बरोबर आहे म्हणालास ना? मग झाले.

आणि आता मूळ मुद्दा. हुकुमाप्रमाणे तुझ्या विमानतळाची सगळी जुनी दप्तरे खोक्यांत भरून तू माझ्याकडे पाठवलीस. ती तपासून, यादी करून मुख्य कचेरीला पाठवायचे काम माझे. आठ दिवस मी तुझे अक्षर वाचते आहे. दगडांची वेगळी वही ठेवत होतास, हे कधी बोलला नाहीस! दर विमानामागे एक ओळ. ‘धावपट्टी पाहिली. दगड: सात.’ ‘धावपट्टी पाहिली. दगड: चौदा, एक सुरेख.’ माझ्या त्या पहिल्या गुरुवारची ओळ मी मुद्दाम शोधली. ‘धावपट्टी पाहिली. दगड: अकरा. दाढी: अर्धी.’ मी सगळ्या ओळी मोजल्या. माझ्या काळातल्या, रद्द झालेली उड्डाणे सोडून, दोन हजार एकशे चाळीस. प्रत्येक वेळी नऊशे मीटर जाणे आणि नऊशे मीटर येणे. गुणाकार मी तीनदा केला. तीन हजार आठशे बावन्न किलोमीटर. याला सहाशेने भाग. मी पाठवलेल्या विमानांसाठी तू इतका चालला आहेस, की माझ्या दारापर्यंत सहा वेळा पायी येऊन पोहोचला असतास आणि सातव्या वेळी अडीचशे किलोमीटरवर वाटेत असतास. आणि मी? मी खुर्चीतून उठले ती फळ्यापर्यंत.

त्या वहीच्या शेवटच्या पानात तो तक्ता होता. माझा. घडीवर घडी बसून मऊ झालेला. मी तो अकरा वर्षांनी, दुसऱ्या कोणाचे काम तपासावे तसा, वरपासून वाचत आले आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. ‘जाताना: अडीच तास. येताना: अडीच तास.’ अरे, वारा दोन्ही वेळा तोंडावर कसा असेल? त्या आठवड्याचा वारा पश्चिमेचाच, ताशी साठ. तो तर मीच वर लिहिला होता. आदल्याच आठवड्यात तुला खडूने ज्याचे गणित समजावले, त्यात मी ही चूक करावी? पहिल्या दिवशीची तीच चूक, त्याच मार्गावर, तोच आकडा. पहिल्यांदा ती अज्ञानाने झाली होती. दुसऱ्यांदा कशाने झाली, याचा मी शांतपणे, पद्धतशीर विचार केला. मुद्दाम केली का? लिहिताना नाही, असे वाटते. पण खाली रेघ मारताना मला कुठेतरी ठाऊक होते. माझे कारण खरे होते आणि तरी त्याला मी खोटा आकडा जोडला, कारण तुझ्याकडे येणे इतके सोपे आहे, हे मला कागदावरसुद्धा बघवत नव्हते. आणि त्या ‘जाताना: अडीच तास’च्या बाजूला, अगदी बारीक, पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात लिहिले आहे: एक चाळीस. म्हणजे तू पाहिले होतेस. तुझ्या पहिल्या नजरेला दिसले असणार. त्या आकड्याने तुझी दाढी अर्धी ठेवली होती. मला एका ओळीत खोडून काढू शकला असतास. त्याऐवजी तू पेन्सिलीचे टोक करून, कोणाला दिसू नये इतके लहान, बरोबर उत्तर लिहिलेस, कागद वहीत ठेवलास, आणि मला कळवलेस की हिशेब बरोबर आहे. हे खोके भरताना तू तो कागद काढून घेऊ शकला असतास. विसरलास, की राहू दिलास? तुझी दप्तरे पाहिल्यावर तू काही विसरतोस, यावर माझा विश्वास नाही.

तर या पत्राचे कारण असे. तो तक्ता सोबत परत पाठवते आहे. तुझ्या पेन्सिलीच्या आकड्यावरून मी शाईने गिरवले आहे आणि चूक मान्य केल्याची सही केली आहे. तुझ्याकडे आता तीस मिनिटे उरली असतील. परतीच्या कागदांत हा तक्ता घाल आणि खाली काय ते लिही. ‘हिशेब बरोबर आहे’ असेच पुन्हा लिहिलेस, तर मी समजेन, रागावणार नाही, आणि गुरुवारी नेहमीसारखे विमान पाठवीन. ‘हिशेब चुकला होता’ असे लिहिलेस, तर गुरुवारच्या विमानात डावीकडच्या पाचव्या जागेवर मी असेन. कॅप्टनला अजून सांगितलेले नाही, नाहीतर तो माझ्याही वजनाचे इंधन धरायला लागेल. बदलीला मी शुक्रवारी ‘नाही’ असे कळवणार आहे, तुझे उत्तर काहीही असो. ते ओझे तुझ्यावर नको. गुरुवारी विमान दहाला निघेल, अंदाज पश्चिम वाऱ्याचाच आहे, दिशा मी दोनदा तपासली आहे, अकरा चाळीसला खाली असेल, तेव्हा दाढी दहाच्या आत पुरी करून घे, दोन्ही गालांची. त्यानंतर आठवड्यातून एकदा धावपट्टी पाहायचीच आहे. नऊशे मीटर दोघांत वाटली तर प्रत्येकी साडेचारशे होते, पण ती वाटून घेऊ नये, असे माझे मत आहे. आणि हो, ती वरची दहा मिनिटे. मी तुला फळ्यावर सांगितले होते की ती वाऱ्यामुळे जातात. ते पूर्ण खरे नव्हते. ती फक्त परत येणाऱ्याची जातात. बावीस वर्षांत या मार्गाचा हा पहिलाच कागद आहे, ज्यावर मी येतानाचा रकाना कोरा ठेवला आहे.

वाऱ्याची दिशा उशिरा कळलेली,
तुझीच
महोदया